गाडग्याच्या तळाची ज्वारी

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची एक रीत होती. दळणाला ज्वारी काढली की आधी एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. ते देवाचं गाडगं. रविवारी ते चर्चमध्ये नेऊन रिकामं करायचं, आणि ज्या घरी चूल पेटत नसेल तिथं ते धान्य पोचायचं. माझी पत्नी मूठ टाकताना त्या दिवसाची काळजी हळूच बोलून दाखवायची, "बापा, हे घे," म्हणायची आणि झाकण ठेवायची. तिची प्रार्थना तेवढीच.

ती वडीगोद्रीकडची. मी जुन्या जालन्यात, निजामी अमदानीत, शाळेत शिकवणारा पुस्तकी माणूस. माझी प्रार्थना 'हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या' इथून सुरू व्हायची आणि लवकर संपायची नाही. एकदा ती म्हणाली, "अवो, तुमचं ऐकताना देवाला बी डुलकी लागत असन. काय पाह्यजे ते सांगा अन् उठा. भाकर गार होऊन राह्यली."

मी उठायचो. पण काळजीही माझ्याबरोबरच उठायची आणि ताटापर्यंत यायची.

एका हिवाळ्यात तिला छातीचं दुखणं लागलं. गुरुवारी तिला नदीपलीकडच्या दवाखान्यात नेलं. उंबऱ्यातून मागं वळून ती एवढंच म्हणाली, "मूठ चुकवू नका, बरं का."

मी चुकवली नाही. भाकरी मला येत नव्हती, ती शेजारून यायची. तरी मी रोज पोत्यातली ज्वारी काढून गाडग्यात टाकत होतो, आणि एक मूठ नव्हे, ओंजळीच्या ओंजळी. तिचा ताप चढला की आणखी एक जास्त. ती बरी व्हावी, एवढंच मागणं होतं. दिवसातून चार वेळा झाकण उघडून पाहायचो. रविवारी दवाखान्यात असायचो, त्यामुळं गाडगं चर्चला गेलंच नाही.

तिनं विचारलं तेव्हा मी थोड्या अभिमानानंच सांगितलं, "गळ्यापर्यंत भरलंय."

ती इतकी हसली की खोकला आला. "अवो, देव काय मोंढ्यातला धान्याचा आडत्या हाय? जास्ती माप टाकलं की जास्ती देईन?" मग दम घेऊन म्हणाली, "एकच मूठ टाकावी. अन् झाकण लावल्यावर परत डोकवायचं न्हाई. दिलं ना त्याला? मंग त्याचं त्याला बघू द्या."

तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

त्यानंतर मी गाडग्यात काही टाकलं नाही, आणि ते रिकामंही केलं नाही. कारण मला आठवत होतं, माझ्या सगळ्या ओंजळींच्या खाली, अगदी तळाशी, तिच्या हातच्या चार मुठी होत्या. सोमवार ते गुरुवारच्या. रविवारी मी मोकळ्या हातानं चर्चला जायचो. कुणी काही विचारत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी धान्य गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या आत्याबाई उपासना संपल्यावर सरळ घरी आल्या.

"मास्तर, गाडगं द्या."

"राहू द्या, पुढच्या रविवारी आणतो."

त्यांनी स्वतःच फडताळातून ते काढलं, झाकण उचललं. काळे सोंडे कडेवर धावायला लागले.

"किडं लागलं की हो! देवाचा वाटा असा कोंडून ठेवत्यात का कुठं?" त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. आवाज खाली आला. "तिचं हाय ना यात?"

मी मान डोलावली.

"तिनं ते बापाला दिल्तं, मास्तर. तुम्हाला न्हाई."

गाडगं मीच उचललं. चर्चच्या ओसरीवर, उन्हात, धोतराच्या फडक्यावर ते पालथं केलं. तळाशी होतं ते वर आलं. ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या ज्वारीत खडे होते, कोंडा होता. वरची ज्वारी निवडलेली, स्वच्छ होती. मी तिची मूठ भरून घेतली.

आत्याबाईंनी पाहिलं. "ठेवा तेवढी," त्या म्हणाल्या. "कोण इचारतंय?"

मी बसून राहिलो. 'हे परमकृपाळू' एवढं ओठांवर आलं आणि पुढचं काही सुचेना. ती बरी व्हावी, हे मागणं आता उरलं नव्हतं. उरल्या होत्या त्या वेड्या काळज्या: तिला तिथं थंडी तर वाजत नसेल, खोकला आला तर पाणी कोण देईल. हाताला घाम सुटला होता, दाणे तळव्याला चिकटले होते.

"बापा, हिला घे," मी म्हणालो, आणि मूठ उघडली.

आत्याबाईंनी ज्वारी सुपात घेतली आणि पाखडायला लागल्या. कोंडा उडाला, खडे कडेला आले. थोड्या वेळानं त्यातली तिची कोणती आणि माझी कोणती, हे मलाही सांगता आलं नसतं.