मास्तरांची बाजू

नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या यजमानांना ‘आता घरी न्या’ असं सांगितलं, त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. मी जन्माने ख्रिस्ती, आईच्या मांडीवर बसून प्रभूचं नाव शिकलेली. पण जव्हारच्या घरी परतल्यावर डोळे मिटले की तोंडाला कुलूपच लागायचं. मी सूर्यमाळच्या बाजूला पाड्यापाड्यांवर नर्स म्हणून सगळी नोकरी केली. यकृताचा कॅन्सर म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रिपोर्ट हातात आला तेव्हाच सगळं कळलं होतं आणि ते कळलेलं गळ्याखाली उतरत नव्हतं. लोक भेटायला यायचे, देवावर भरवसा ठेवा म्हणायचे, आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून आत जायचे.

माझे यजमान आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही तेच म्हणत आले. जव्हारात आम्ही ख्रिस्ती मोजकेच. रविवारी उपासना झाली की चारदोन जण आमच्याकडे चहाला येत, आणि चहाबरोबर एक भांडण ठरलेलं असे. ते मास्तरांचं आणि देवरामदादांचं. देवरामदादा खोडाळ्याकडचे. एसटीत कंडक्टर होते, तरुणपणी ख्रिस्ती विश्वासात आले, आता निवृत्त होऊन त्यांच्या पाड्यावरची प्रार्थना चालवतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देवाने सृष्टी सहा दिवसांत केली, लिहिलंय तशीच, सूर्य उगवतो-मावळतो तसल्या सहा दिवसांत. मास्तर म्हणत, केली देवानेच, यात वाद नाही. पण ते दिवस त्याचे आहेत, आपल्या कॅलेंडरचे नाहीत, पृथ्वी घडायला कोट्यवधी वर्षं लागली. “देवाचं काम हाय मास्तर, मोखाड्याचा रस्ता नाय वर्षानुवर्षं चालायला!” असं दादा ओरडायचे. “घाई कंडक्टरला असते दादा, देवाला कसली आलीय घाई?” असं मास्तर म्हणायचे. आवाज इतके चढायचे की एकदा शेजारणीने भिंतीवर थाप मारली होती. तरी निघताना मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्याशिवाय दादा कधी उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. मला मात्र त्या वादाचा कंटाळा यायचा. चहा दिला की मी आतल्या कामाला लागायचे. दादा काही ऐकून घेत नाहीत, फक्त आपली पाळी यायची वाट बघतात, असं मी मास्तरांना कितीदा तरी म्हटलं असेल. ते नुसते हसायचे.

मास्तरांनी अंथरूण धरलं तशा नगरहून माझ्या नणंदबाई आल्या. मोठ्या प्रार्थनेच्या बाई, भावासाठी जीव टाकणाऱ्या. आल्यापासून उपास करत होत्या. एक दिवस भाजी निवडता निवडता त्या हळूच म्हणाल्या, “अगं, स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. त्याच्या मनात बायबलच्या वचनाबद्दल शंका आहे आणि तीच आड येतेय. त्याने एकदा वचन जसंच्या तसं मानलं, तोंडाने कबूल केलं, की प्रभू त्याला हात लावून बरा करील बघ.” हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट हेतू त्यांच्या मनात तीळभरही नव्हता. हीच गोष्ट मी एखाद्या पाड्यावर ऐकली असती तर सांगणारीला नर्सच्या आवाजात चार शब्द सुनावले असते. पण घरातलं माणूस जायला लागलं की शहाणपण कुठे जातं कोण जाणे. मी ते वाक्य गच्च धरून ठेवलं. आता करण्यासारखं काहीतरी आहे, एवढ्यानेच मला बरं वाटलं.

दुपारी मास्तरांचं अंग पुसताना मी त्यांना म्हटलं, एकदा म्हणा ना, सहा दिवसांत झालं म्हणून. त्यांना बोलायला दम लागायचा. जरा वेळाने म्हणाले, “बरं वाटावं म्हणून खोटं बोलू? तेही त्याच्याशी?” मला संतापच आला. माझ्यासाठी एक वाक्य बोलवत नाही, एवढा कसला तो हट्ट, असं मी आजारी माणसाला ताडकन बोलून गेले. त्यांनी माझा हात थोपटला आणि डोळे मिटले. मी मागच्या दाराशी जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर देवरामदादा आले. मोहाची फुलं गळायचे दिवस होते, पाण्याची टंचाई सुरू झाली होती. खोडाळ्याच्या एसटीने उन्हातून आलेले, हातात पिशवी, पिशवीत मास्तरांना आंबील करून द्यायला घरच्या नागलीचं पीठ. मी त्यांना स्वयंपाकघरातच थांबवलं आणि नणंदबाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं. म्हटलं, दादा, हे तुमचंच म्हणणं आहे. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आता त्यांच्यात वाद घालायची ताकदही उरलेली नाही, एकदा हो म्हणवून घ्या. दादा म्हणाले, “वैनी, मास्तरांनी एकदा हो म्हणावं, एवढंच तर मना इतकी वर्षं पायजे होतं.” आणि पिशवी ओट्यावर ठेवून ते आत गेले. मला वाटलं, झालं, आता सुटका झाली. मी त्यांच्या मागोमाग जाऊन दाराच्या चौकटीत उभी राहिले. नणंदबाई खाटेशेजारी खुर्चीवर होत्या.

दादा खाटेच्या कडेवर बसले. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, “मास्तर, आज तुमी बोलू नका. आज तुमची बाजू मी बोलतो.” आणि त्यांनी सुरुवात केली. म्हणाले, “मास्तरांचं पयलं म्हणणं, सूर्य केला चवथ्या दिवशी. मग त्याच्या आदीचे दिवस कशानं मोजले? म्हणजे तो दिवस देवाच्या मापाचा. दुसरं, घाटात रस्ता कापलाय तिथं बघा. काळ्या दगडाचे थर, आन् मधी तांबड्या मातीची पट्टी. एक थर निवला, त्याच्यावर ऊनपाऊस पडून माती झाली, मग वरती दुसरा थर आला. माती काय एका दिवसात होत नाय. देवानं दगडात जे लिवलंय ते पण खोटं नसंल.” एकही शब्द त्यांनी वाकडा केला नाही, कुठे टोमणा मारला नाही. मी थक्क झाले. ज्या माणसाबद्दल मी म्हणत होते की तो ऐकतच नाही, त्याला माझ्या नवऱ्याचं सगळं म्हणणं तोंडपाठ होतं. मला स्वतःला ते इतकं नीट सांगता आलं नसतं.

दादा थांबले. तेवढ्यात मास्तरांचे ओठ हलले. “तिसरं राहिलं,” ते म्हणाले.

“राहिलं नाय, ठेवलंय,” दादा म्हणाले. “ते म्हणताना मना रडू येतं.” खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसून ते म्हणाले, “मास्तरांचं तिसरं म्हणणं, देव लई धीराचा हाय. एका डोंगरासाठी जो एवढी वर्षं थांबतो, तो एका माणसासाठी पण थांबतो. घाईघाईत कोणाला टाकून जात नाय.”

हे तिसरं मी कधी ऐकलंच नव्हतं. तिथवर वाद यायचा तोवर मी आत कपबश्या विसळत असायचे. ज्या देवाशी महिनोन्महिने मला बोलता येत नव्हतं, त्याच्याबद्दल माझ्या नवऱ्याला काय वाटतं, हे मला नवऱ्याशीच भांडणाऱ्या माणसाच्या तोंडून कळलं. मी चौकटीला टेकून खाली बसले.

मग दादा नणंदबाईंकडे वळून म्हणाले, “हे मना पटत नाय. आज पण नाय पटत, सहाच दिवस झाले असं मी उद्या पण सांगीन. पण हा माणूस देवाला मोठा करायलाच बोलतो, ताई.” नणंदबाई म्हणाल्या, “मलाही नाही पटत. पण मी त्याच्यावर अट घातली होती, ती काढते.” आणि त्यांनी भावाच्या कपाळावर हात ठेवला. दादांनी प्रार्थना केली. मास्तर आमेन म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी मीही म्हणाले.

दादांना एसटीपर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, का नाही म्हणवून घेतलंत? ते म्हणाले, “वैनी, देवाला बरं करायचं असंल तर तो करील. आमच्या दोघांत कोण हरला ते बघून करणार नाय.” मग स्टँडवरच्या बाकावर बसून ते लहान मुलासारखे रडले, येणाऱ्याजाणाऱ्यांची लाज न बाळगता.

मास्तर बरे झाले नाहीत. त्याच आठवड्यात एका सकाळी मी कापसाने त्यांचे ओठ ओले करत असताना ते प्रभूजवळ गेले. घर अजून खायला उठतं. रविवार तर मला नकोसाच होतो. मला हवं होतं ते मिळालं नाही, आणि मिळालं असं मी कोणाला सांगणारही नाही. पण त्या दुपारी देवाने दादांना खोडाळ्याहून माझ्या घरी धाडलं, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते. नवऱ्याच्या प्राणाच्या बदल्यात मी देवाला त्यांचा खरेपणा द्यायला निघाले होते. देवाने तो सौदा केला नाही. त्या शेवटच्या सकाळी माझ्या तोंडून आपोआप एवढीच प्रार्थना निघाली की प्रभू, हे जसे आहेत तसे घे. आणि मास्तर माझ्या हातातून गेले ते तसेच, पुरतेच्या पुरते.