कडीचे सैल स्क्रू

रमाकांत लेल्यांनी बँकेत तेहतीस वर्षं सह्या पडताळल्या. निवृत्तीनंतरही खरी सही पाहिली की त्यांना ती जरा जास्तच खरी वाटे. म्हणून अर्धांगाच्या झटक्यानंतर मुलाने नर्सिंग ब्युरोतून दिवसभराच्या देखभालीसाठी सुचित्राला नेमलं, तेव्हा आपल्या दादरच्या घरात चोर शिरला, असं त्यांनी धरूनच टाकलं.

पहिला पुरावा पोह्यांत मिळाला. शेंगदाणे गायब!

"डॉक्टर नको बोललेत, काका. तुम्हाला गिळायला त्रास होतो ना," सुचित्रा म्हणाली.

मग डब्यातले शेंगदाणे रोज कमी कसे होतात? दुसरा पुरावा आणखी गंभीर होता. त्यांच्या खोलीच्या आतल्या कडीचे स्क्रू सैल झाले होते. काकांनी पिळले, दोन दिवसांनी पुन्हा सैल. हिचा डोळा कपाटावर आहे, असं त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. मुलगा हसला. म्हणजे तोही सामील.

काका चिडले. वॉचमनकडून खाऱ्या दाण्यांची पुडी मागवली, दुपारी कडी लावली आणि मूठभर दाणे तोंडात टाकले.

एक दाणा घशात अडकला. खोकला येईना, आवाज फुटेना, श्वास आत जाईना. हात आपसूक गळ्याशी गेले. बोटांनी कडी सरकेना, तेव्हा त्यांनी भिंतीला टेकून काठीने दार बडवलं. ज्या बाईला बाहेर ठेवायला कडी लावली, तीच आत यावी म्हणून त्यांचा जीव तळमळत होता.

सुचित्राने खांद्याने एकच धक्का दिला. कडी निखळली. शेजारच्या मीनाक्षीकाकू "वर बघा, वर बघा" करत पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

"पाणी नको!" सुचित्रा ओरडली.

तिने काकांना पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच सणसणीत रपाटे घातले. काही उपयोग नाही. मग मागून कवेत घेतलं, बेंबीच्या वर मूठ ठेवली, दुसऱ्या हाताने ती पकडून आत आणि वर जोरात ओढलं. तिसऱ्या झटक्याला दाणा फरशीवर पडला. काकांनी श्वास घेतला आणि ते पोरासारखे रडले.

डॉक्टरांकडून तपासून घेऊन आल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली.

"स्क्रू तूच सैल करायचीस?"

"हो. तुम्ही आत पडलात तर? कडी लावू नका बोलले असते, तर तुम्ही ऐकणार होतात?"

"आणि शेंगदाणे?"

सुचित्राने मान खाली घातली. "ते मीच खाते, काका."

काकांना फार बरं वाटलं. आपण अगदीच चुकलो नव्हतो तर! त्यांनी खणातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिच्या हातात दिला.

"कडी परत बसव," ते म्हणाले, "पण घट्ट पिळू नकोस."