उत्तरेकडच्या पागोळ्या

पाऊस लागला की विलायतेतल्या नॉरफोकमधलं ते अख्खं खेडं घरात शिरायचं आणि केझाया थर्टल तेवढी चर्चकडे निघायची. तिथली झाडलोट तिच्याकडेच, त्यामुळे कुणाला नवल वाटत नसे. पण पावसात ती आत जायचीच नाही. उत्तरेच्या भिंतीशी भिजत उभी राहायची.

त्या बाजूला कुणी फिरकत नसे. तिथलं दार सैतानाचं म्हणून वाडवडिलांनी विटांनी बुजवलेलं, गारगोटीच्या भिंतीवर शेवाळ चढलेलं. टोकदार कमानीच्या खिडकीखाली केझायाचं एकुलतं एक मूल होतं. बाप्तिस्म्याचं पवित्र पाणी डोक्यावर पडण्याआधीच गेलं, म्हणून तेव्हाच्या पाद्रीबाबांनी त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारली. तिच्या आईनं ते गुपचूप वळचणीखाली पुरलं.

"देवाच्या छपरावरून आलेलं पाणी देवाचंच गं," आई म्हणाली होती. "पागोळ्या पडतायत तोवर लेकरू परकं नाही." एवढ्या एका बोलावर केझायानं सगळा जन्म काढला.

राणीच्या राज्यात तेव्हा जुनी चर्चं दुरुस्त करायचं खूळच आलं होतं. नव्या पाद्रीबाबांचा उत्साह तर उतू चाललेला. पाचशे वर्षं उभी असलेली भिंत आता आपणच वाचवणार, अशी त्यांची खात्री. त्यांनी छपराला लोखंडी पन्हळी लावायचं ठरवलं.

"उत्तरेला राहू द्या ना, साहेब," केझाया म्हणाली.

"अहो, तिथेच तर भिंत सडतेय! तुमचा खोकलाही त्याच ओलीचा. का राहू द्यायचं?"

काय सांगणार? सांगितलं, तर हा भला माणूस उकरायला लावेल, याची तिला धास्ती. बऱ्याच वर्षांनी लग्न होऊन गावात आलेली शेजारीण डॉर्कस गॅदरकोल तिथेच होती. सहा लेकरांची ही आई केझायाला उठता-बसता वांझ म्हणायची.

"हिला काय विचारता, बाबा? ना पोर ना बाळ, शेवाळावरच माया लावून बसलीय!"

केझायाच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिनं गिळली.

पन्हळी लागल्या. पहिल्याच सरीत सगळं पाणी कोपऱ्यातल्या नळातून धो धो वाहून गेलं आणि भिंतीखालची माती कोरडी ठणठणीत राहिली. केझाया तिथेच बसून रडली. पुढच्या पावसात ती बादली घेऊन गेली.

नळाशी आधीच कुणीतरी वाकलं होतं. डॉर्कस! हातात चहाची किटली.

"टकामका बघतेस काय?" डॉर्कस खेकसली, पण आवाज फाटला. "माझी दोन आहेत. त्या बुजवलेल्या दारापाशी. बाबांपुढे माझंही तोंड उघडलं नाही. तुझं कुठाय?"

"खिडकीखाली."

डॉर्कसची मान खाली गेली. "मला ठाऊक नव्हतं गं. मी तुला काय काय बोलले!"

केझायाला राग यायला हवा होता, आला नाही. दोघींनी पाणी भरलं, आणून ओतलं. माती ते घटाघटा प्यायली.

"आपण आहोत तोवर ठीक," केझाया म्हणाली. "मग गं?"

 डॉर्कसनं किटली पुन्हा नळाखाली धरली.