कोषातून काय निघालं

शेवटची भेट झाली तेव्हा सुमनवन्संना बोलतानाही धाप लागत होती. तरी त्यांनी विचारलंच, "बरणीत काय निघालं?" मी म्हटलं, "अजून कोषच आहे. पण निघणार पतंगच, वन्सं." डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "बाहेर आल्यावर सांग." दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला...

सुमनवन्सं माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, कोथरूडला आमच्याच घरी राहिल्या आणि निवृत्त होईपर्यंत कीटकशास्त्र शिकवलं. पिकांवरच्या किडी ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भाजी चिरताना किडकं वांगं निघालं की मी वैतागायची आणि वन्सं अळी अलगद उचलून बरणीत ठेवायच्या. तोंडाला मलमलीचं फडकं, रोज वांग्याची ताजी फोड. अळीचा पतंग होऊन बाहेर आल्याशिवाय नाव सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट. खडकवासल्याकडचे एक बागायतदार किडक्या टोमॅटोंची पिशवी घेऊन यायचे. "बाई, औषधाचं नाव सांगा, बाकी काय नको." वन्सं शांतपणे म्हणायच्या, "आधी किडीचं नाव कळू दे. चहा घ्या." हिंजवडीत नोकरीला लागलेल्या माझ्या मुलाने एकदा सुचवलं, "आत्या, फोटो नेटवर टाक ना, लगेच आयडेंटिफाय करतात."

"करतात. बरोबर केलंय हे कोण सांगतं?"



स्वतःच्या पोटदुखीशीही त्या तशाच वागल्या. डॉक्टरांकडे चला म्हटलं की, "लक्षणं स्पष्ट नाहीत अजून. काय ते दिसू दे, मग जाऊ." गोळी पुढे केली तर, "उगाच फवारणी नको." वरून तर धडधाकट दिसायच्या, म्हणून आम्हीही फार ताणलं नाही. आजाराचं नाव कळलं तेव्हा औषधाची वेळ निघून गेली होती. इतकी शिकलेली बाई, आणि स्वतःच्या जिवाला वाट बघायला लावली... मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो.

परवा ओटा आवरताना खिडकीतली बरणी हाती आली. कोष फुटला होता, पण पतंग कुठेच नव्हता. तळाशी एक बारीक, लांबट माशी मरून पडली होती. ही माशी अळीच्या पोटात वाढते, आतून तिला खात राहते, आणि अळी वरून ठणठणीत दिसते, हे मला वन्संनीच कधीतरी सांगितलं होतं. मी बरणी घेऊन सवयीने त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले. "अहो वन्सं, पतंग नाही हो निघाला..." एवढं बोलूनही झालं, आणि मग त्यांची रिकामी खाट दिसली.