पोळ्याच्या दिवशी जुंपलेली गाडी

मंडळींनो, पारावरच्या या फळ्यावर मी रोज अभंगाची एक ओळ लिहितो. आज ती सुचत नाही.

सकाळी माझी धाकटी भावजय यशोदा बाळंत झाली. मुलगी ठीक आहे, पण आईचं रक्त थांबेना. सुईण म्हणाली, "हे माझ्या हातचं नाई. पुलगावच्या दवाखान्यात न्या."

भाऊ माझ्याकडे आला. "दादा, आज पोळा. बैलाले जू कसं लावू? कालच खांदे शेकले."

मी म्हणालो, "पोळा फुटू दे, मग निघू."

आतून यशोदा बोलली, "बैलाले तरी विचारा. तो नाई म्हणनार नाई."

बायका हसल्या. आम्ही थांबलो.

दुपार कलल्यावर तोरण तुटलं, पोळा फुटला, मग गाडी जुंपली. बैल वाटेत कुठेच अडले नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळीच का नाही आणलंत?" भावाने माझ्याकडे पाहिलं. यशोदा तोवर गेली होती.

बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल तर त्याच घडीला निघा, मग सण कोणताही असो. माझी बैलजोडी दारात बांधलेली असते. मला विचारत बसू नका, सोडून न्या.