दुधट पाणी

तुळशीदास चुरी यांनी पोहण्याचा तलाव पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आणि त्याच दिवशी त्याची सगळी देखभाल त्यांच्या गळ्यात पडली. तोवर त्यांचं सगळं आयुष्य विहिरींभोवती गेलं होतं. आगाशीला त्यांची पानवेलींची आणि केळीची वाडी होती. पंप बिघडला की आजूबाजूच्या गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं. विहिरीत पाचोळा कुजलाय की खारं पाणी शिरलंय, हे ते नुसत्या वासावरून सांगत.

कळंबच्या पास्कलने वीस वर्षं मस्कतला नोकरी केली आणि अठ्ठ्याण्णव साली गावात बंगला बांधला. अंगणात तीस फूट लांबीचा तलावही बांधला. समुद्र शंभर पावलांवर, आणि अंगणात पोहायचं पाणी! गाव हसलं. पास्कलची बायको डेल्फिन म्हणाली, "हसू द्या. वीस वर्षं मी इथे एकटीने काढली. माझ्या अंगणात काय असावं ते आता मी ठरवणार."

पंप बसवायला आलेल्या तुळशीदासना पास्कलने विचारलं, "काका, हे तुम्ही सांभाळाल का? मुंबईचा माणूस महिन्यातून एकदा येणार म्हणतो."

"पाणीच ना? सांभाळू," तुळशीदास म्हणाले.

ते शिकले. पंपाच्या खोलीत फायबरचा एक मोठा निळा हंडा होता, त्यात पोटभर वाळू. तलावाचं पाणी वरून त्या वाळूत शिरायचं, गाळ वर अडकायचा आणि स्वच्छ पाणी तळाच्या बारीक चिरा पाडलेल्या नळ्यांतून परत तलावात जायचं. हंड्यावर दाबाचा काटा होता. वाळू घाणीने भरली की काटा चढायचा. मग हंड्यावरची मूठ फिरवून पाणी उलटं सोडायचं आणि घाण बाहेर काढून टाकायची. क्लोरीन किती आहे ते कळायला छोट्या बाटलीत तलावाचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि ते किती पिवळं होतं ते पाहायचं. तुळशीदास एक दिवसाआड सकाळी सायकलवर येत, जाळीने पानं काढत, लांब दांड्याच्या ब्रशने तळ घासत. दीड वर्ष पाणी असं राहिलं की वरून तळाच्या फरशांचे सांधे मोजता यावेत.

दोन हजार सालच्या मे महिन्यात मात्र पाणी बिघडलं.

आधी नुसतं धुरकट दिसलं. तुळशीदासनी क्लोरीन वाढवलं. दुसऱ्या दिवशी ते ताकासारखं झालं. त्यांनी उलटं पाणी मारलं, रात्रभर पंप बंद ठेवून तुरटी फिरवली. गाळ थोडा बसला, पण पंप सुरू करताच पुन्हा सगळं दुधट. सगळ्यांत विचित्र म्हणजे काटा चढतच नव्हता. पाणी एवढं घाण, तर वाळू भरायला हवी, काटा वर जायला हवा. तो आपला खालीच डुलत होता.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, गाळलेलं पाणी परत येतं त्या भिंतीतल्या भोकाच्या तोंडाशी त्यांनी हात घातला आणि बोटांना खरखरीत काहीतरी लागलं. मूठ बाहेर काढून पाहिली तर वाळू. हंड्यातली वाळू. तळाच्या नळ्या कुठेतरी तुटल्या होत्या, आणि चार दिवस गाळणीच तलावात वाळू आणि गाळ सोडत होती. ते क्लोरीन ओतत बसले होते, आणि दुखणं भलतीकडेच होतं.

रविवारी पास्कल-डेल्फिनच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. साठ माणसं जेवायला येणार होती.

"हंडा उघडायला दोन दिवस लागतील," तुळशीदासनी पास्कलला सांगितलं. "नळ्या मुंबईहून आणाव्या लागतील. सोमवारी करतो. पण तोवर कुणी पाण्यात उतरायचं नाही. तळ दिसत नाही."

"दोरी बांधतो काका," पास्कल म्हणाला, आणि त्याने चारही बाजूंनी दोरी बांधली.

रविवारी तुळशीदासना जेवायचं आमंत्रण होतं. दुपारी एकच्या सुमाराला ते पोचले. मांडव बंगल्याच्या पुढच्या बाजूला, तलाव मागे. बँड वाजत होता, पानं मांडली जात होती. पण तुळशीदासना चैन पडेना. भोकाखाली वाळूचा ढीग केवढा झालाय तेवढं पाहून येऊ, म्हणून ते मागे गेले.

मागे कुणी नव्हतं. दोरी एका कोपऱ्यात सैल होऊन खाली आली होती. काठावर एक जोड चपला होत्या, एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या. कुणीतरी पाय गार करायला बसलं असेल आणि जेवणाची हाक आली म्हणून अनवाणीच गेलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी भिंतीला टेकवलेला ब्रश उचलला आणि दांडा पाण्यात सोडला.

ब्रश फरशीला लागला नाही. मऊ काहीतरी लागलं आणि किंचित सरकलं.

मांडवाचं कापड उडून पडलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पुन्हा ढकलून पाहिलं. दांड्यातून हाताला जो भार कळला, तो कापडाचा नव्हता. तुळशीदास चपलांकडे पाहतच राहिले. किती वेळ ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. पास्कल समजूत घालायचा, दोन क्षण असतील. तुळशीदासना ते आयुष्यातलं सगळ्यांत लांब थांबणं वाटायचं.

मग ते कपड्यांनिशी उतरले. पाणी त्यांच्या छातीपर्यंतच आलं. पायाने चाचपडून खाली वाकले, हाताला सदरा लागला, खांदा लागला. त्यांनी वर ओढलं तेव्हा पांढऱ्या पाण्यातून चेहरा बाहेर आला. डेल्फिनचे वडील, आग्नेलबाबा. पाचूबंदरचे. पन्नास वर्षं होडीवर काढलेला माणूस.

तुळशीदासनी त्यांना काठावर चढवलं आणि हाक मारली, पण बँडपुढे ती ऐकू जाईना. त्यांनी ब्रशचा दांडा पंपाच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर आपटला, पुन्हा पुन्हा आपटला, तेव्हा कुठे बँड थांबला.

पास्कलची बहीण क्लेमेंटीन नर्स होती. ती भरजरी साडीत गुडघ्यावर बसली, म्हाताऱ्याची मान मागे केली आणि तोंडाने श्वास देऊ लागली. साठ माणसं भोवती गोळा झाली. डेल्फिन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "बाबांना पोहता येतं," ती हलक्या आवाजात म्हणत होती. "बाबांना पोहता येतं ना." हे तिने कितीदा तरी म्हटलं.

शेवटी म्हाताऱ्याच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला आला.

माणिकपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की रिकाम्या पोटी उन्हात बसल्यामुळे घेरी आली असावी आणि ते काठावरून आत घसरले असावेत. तीनचार मिनिटांहून जास्त वेळ ते पाण्यात नसतील. आठ दिवसांनी आग्नेलबाबा दवाखान्यातून घरी आले. तुळशीदास भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसून ते पेज पीत होते.

"तू मला झाडूनं ढोसलं म्हने," ते म्हणाले.

"ब्रश होता, बाबा."

"कमर अजून दुखतं." मग पेजेचा घोट घेऊन म्हणाले, "दर्यावर मी कदी गाफील ऱ्हायलो नाय. ह्ये पोरीच्या घरचं पानी. भ्यायचं सुचलंच नाय."

तुळशीदास पेजेच्या वाटीकडे बघत बसले.

तलाव मात्र त्यांनी अपघाताच्याच आठवड्यात दुरुस्त केला. हंडा रिकामा केला तर तळाच्या आठ नळ्यांतल्या तीन मोडलेल्या निघाल्या. नव्या घातल्या, धुतलेली वाळू भरली, तलावात साचलेली वाळू उपसली आणि पंप लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा पाणी लख्ख होतं.

ते काठावर उभे राहिले. आग्नेलबाबा सापडले ती जागा आता स्वच्छ दिसत होती. काठापासून दोन हातांवर. चार फूट पाणी. नुसतं उभं राहिलं असतं तरी डोकं पाण्याबाहेर राहिलं असतं, एवढंसं. दुधट पाण्यात तो सगळा तलाव त्यांना समुद्राएवढा अथांग वाटला होता, आणि ते तर त्याच्या कडेलाच उभे होते. ते पंपाच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले. डेल्फिनने दिलेला चहा त्यांनी घेतला नाही.

"काका, काम सोडणार का?" तिने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण बुजवायचा असेल तर बुजवा. माझी हरकत नाही."

तिने बुजवला नाही. पुढच्या काही वर्षांत कळंबला सुट्टीतली घरं वाढली, अंगणात तलावही वाढले, आणि त्यांतले सात तुळशीदासकडे आले. प्रत्येक तलावाच्या सगळ्यात खोल जागी ते एक काळी फरशी बसवायला लावत. ती वरून दिसली नाही की तलावाच्या फाटकाला कुलूप घालून चावी खिशात टाकत. पाहुणे आलेत, पैसे भरलेत, मुलं रडताहेत, असं मालक सांगत. तुळशीदास ऐकून घेत आणि वाळूचा हंडा उघडायला लागत.

एकदा एका मालकाने चिडून विचारलं, "थोडं गढूळ असलं तर असं काय होतं?"

तुळशीदासनी तोंड उघडलं, पण त्या दांड्यातून हाताला काय कळलं होतं ते त्यांना याही वेळी सांगता आलं नाही. चावी मात्र त्यांनी दिली नाही.