मोतीलालच्या नऊ खुंट्या

अड्याळच्या कोष्टी मोहल्ल्यात कुणाचा माग एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचा असला की मोतीलाल धकातेला बोलावणं जायचं. माग खोलणं कुणालाही जमतं हो, पण पहिल्या दिवसापासून कापड सरळ उतरेल असा तो पुन्हा उभा करणं मोतीलालचंच काम. त्याचा एक नियम होता आणि तो न विचारताच सगळ्यांना सांगायचा: भोक दिसलं की खुंटी ठोका. भोक रिकामं राहिलं की माग हलते, माग हलला की काठ बिघडते. या नियमानं त्यानं तीसेक माग उभे केले आणि एकानंही दगा दिला नाही. त्यामुळे गड्याच्या डोक्यात जरा हवा होती, हे कबूल केलं पाहिजे.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मुलगी करुणा नागपूरला नोकरीला लागली आणि तिनं आपला जुना कॉम्प्युटर घरी पाठवला. मोतीलालला वाटलं, हा आपल्यासाठी. बसल्या मात्र त्यावर सुमित्राबाई, त्याची बायको. कोशाच्या रेशमी साडीचे काठ लग्नापासून त्याच काढायच्या, वहीत एकेक चौकट रंगवून. विणायचा मोतीलाल, आणि बाजारात बोलबाला व्हायचा ‘मोतीलालच्या काठा’चा. मागच्या पावसाळ्यात ती वही वाळवीनं खाल्ली. बाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी आठवून आठवून सगळे काठ कॉम्प्युटरवर पुन्हा काढले. चौसष्ट काठ, आठ महिने. सोमवारी भंडाऱ्याहून विणकर सोसायटीचे साहेब ते पाहायला येणार होते. पसंत पडले तर वर्षभराचं काम पक्कं.

आता त्या कॉम्प्युटरच्या डब्ब्याची दशा सांगायची तर बटण आत गेलेलं, चमच्याच्या दांड्यानं सुरू करावं लागायचं, आणि पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. सुमित्राबाई पाय पाटावर ठेवून काम करायच्या. मोतीलालला ते पाहवेना. पण बायकोची काळजी वाटते असं तोंडानं सांगेल तर तो मोतीलाल कसला! त्यानं गुपचूप भंडाऱ्याहून नवीन कॅबिनेट, म्हणजे नुसता बाहेरचा डब्बा, आणलं. तिथे त्याच्या भाच्याचं, चंदनचं, कॉम्प्युटरचं दुकान होतं.

"मामाजी, कॉम्प्युटर इथं घेऊन या, मी बदलून देतो," चंदन म्हणाला.

"बेटा, आम्ही आख्खे माग हलवले. हा तं डब्बा आहे," मोतीलाल म्हणाला आणि एसटीत बसला.

शुक्रवारी सुमित्राबाई एकोडीला बहिणीकडे गेल्या, आणि यानं पेचकस काढला. काम नीट केलं बरं का. प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा धागा बांधून खूण केली, पेच वाटीत मोजून ठेवले. नव्या डब्ब्यासोबत पितळेच्या छोट्या खुंट्यांची पुडी होती. तिच्यातल्या खुंट्या पत्र्यात बसवायच्या आणि त्यांच्यावर मदरबोर्ड ठेवून वरून पेच आवळायचे. खुंट्या पाहून मोतीलाल खूश झाला, जणू परमुलखात गावचं माणूस भेटलं. संध्याकाळी त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला, लाइट लागला, पण पडदा काळाच. ‘नो सिग्नल’ असं लिहून आलं आणि तेही विझलं.

चंदनला फोन गेला. "रॅम काढून खोडरबरनं घासा." घासली. "मॉनिटरची वायर बदलून पाहा." शेजारच्या भैय्याजीची आणली. वायरीसोबत भैय्याजी स्वतःही आला, "अगरबत्ती दाखवली का?" असं विचारून चहा पिऊन गेला. शेवटी चंदन म्हणाला, "बोर्ड जळला असन मामाजी. मी लग्नाले चाललो रायपूरले, मंगळवारी पाहू."

मोतीलालला त्यातलं ‘जळला’ एवढंच ऐकू आलं. चौसष्ट काठ जळाले, आणि आपल्या हातानं जळाले.

शनिवारी दुपारी सुमित्राबाई परतल्या. मोतीलालनं दारातच सांगून टाकलं. "गेलं सगळं. मीच खोललो. तुले शॉक लागत होता म्हणून." बाईंनी थैली खाली ठेवली, डब्ब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"जेवले का जी?"

"भूक नाही."

रविवारीही भूक नव्हती. भात तसाच, आवडीची वांग्याची भाजी तशीच. दोन दिवसांत तिसऱ्यांदा त्यानं सगळं खोललं आणि पुन्हा भरायला घेतलं. सुमित्राबाई शेजारी बसून टॉर्च धरत होत्या.

"या बोर्डाले भोकं किती आहेत जी?"

"सहा."

"अन् तुम्ही खुंट्या किती लावल्या?"

"नऊ. डब्ब्याले नऊ भोकं आहेत, रिकामे कसे ठेवू?"

"मंग तीन खुंट्यांवर बोर्डाचं काय बसते?"

मोतीलालनं बोर्ड उलटा करून पाहिला. पाठीवरच्या जोडांवर तीन ठिकाणी पितळ घासल्याचे चरे होते. धातूला धातू भिडून बोर्ड गप्प बसला होता. त्यानं तीन खुंट्या काढल्या. तीन भोकं रिकामी सोडणं त्याच्या जिवावर आलं, खोटं कायले सांगा! सगळं पुन्हा बसवून बटण दाबलं आणि पडद्यावर उजेड आला. सुमित्राबाईंनी काठ उघडले. सगळेच्या सगळे होते. मोतीलालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं ते पंच्यानं पुसलं आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

बाई उठल्या. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह त्याच्यापुढे ठेवला.

"करुणानं भरून देल्ला होता. चौसष्टही आहेत."

मोतीलाल भडकला. "मंग काहून नाही सांगितलं? दोन दिवस झाले, घशाखाली घास उतरला नाही माह्या!"

"तेच तं पाहून राहिली होती," सुमित्राबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाले काठ काढून राहिली मी. माह्या कामापायी तुमचा जीव एवढा कासावीस होते, हे पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, थोडं पाहून तं घेऊ."

त्यानं ताट ओढलं आणि थंड भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

सोमवारी साहेब आले. त्यांना काठ पसंत पडले. वहीत लिहायला पेन उघडून त्यांनी विचारलं, "मोतीलालजी, तुमचंच नाव ना?"

"नाही जी. मी फक्त विणतो. लिवा, सुमित्राबाई मोतीलाल धकाते." साहेब लिहू लागले तसा तो पुढे वाकला. "अन् मधातलं मोतीलाल नाही लिवलं तरी चालते."